अर्धं राह्यलेलं रडणं

मले राग लवकर येते, हे गावात सगळ्याईले माहीत हाये. शाळेतली खिचडी मी शिजवते, आन् मास्तर लोकंसुद्धा माह्या चुलीजवळ आवाज हळू करतात. पण पुरानंतर जो राग आला थो अजून उतरला नाही. उतरू नये असंच वाटते मले.

आमच्या गावाच्या मधून नाला जाते. इकडून विहाराजवळची आमची वस्ती, तिकडून बंजाऱ्याईचा तांडा. गाव नेर तालुक्यातलं, नकाशात शोधलं तरी सापडायचं नाही असं. त्या दिवशी फटफटायच्या आधीच पाणी चढलं. आमच्याकडं कंबरेएवढं पाणी घुसलं, माही मागची कुडाची भिंत बसली, दावणीची शेळी गेली. तांडा खालती हाये, त्याची नाल्याकडची घराईची ओळ पुरी वाहून गेली. आन् त्या ओळीतल्या फुलचंदची पोरगी गेली, सोनू. पहिलीत होती. जेवायच्या सुट्टीत सगळी पोरं ताटं घेऊन रांगेत, आन् ही माह्या मागं चुलीपाशी. खिचडीच्या गंजाच्या बुडाशी लागलेली खरवड पाह्यजे तिले. "रुखमाकाकी, जळकी दे," म्हणे. मी रोज वरडायची तिच्यावर, आन् रोज द्यायची.

दुसऱ्या दिवशी ती खालतं बाभळीत अडकलेली भेटली. माणसाईनं तिकडंच नाल्याच्या वरच्या अंगाले मातीत ठेवली. तिच्या मायले, जमनीले, त्याईनं दाखवलीसुद्धा नाही. पाहण्यासारखी राह्यली नाही, म्हणे.

तवा आम्ही सगळे शाळेत होतो. एका वर्गात तांडा, एका वर्गात आमची वस्ती, आन् मधात व्हरांड्यात माही चूल. माणसं मातीवरून परत आली तसा तांड्याच्या वर्गातून आवाज सुरू झाला.

हे सांगितलं पाह्यजे, नाही त पुढचं समजणार नाही. तांड्यात कोणी गेलं की बाया एकमेकीच्या गळ्यात पडतात आन् सुरात रडतात. नुसतं हुंदके देणं नसते थे. गेलेलं माणूस कसं होतं, काय खाये, कोणावर रुसे, शेवटी कसं गेलं, सारं त्या सुरात येते. एक बाई सांगते, दुसरी धरते, तिसरी पुढं नेते. आमच्यात तसं नाही. आमच्यात बुद्धवंदना होते, मंग लोक चूपचाप बसतात. पण नाल्याच्या ह्या काठावर मी लहानपणापासून थो आवाज ऐकला, आन् थो आला की मी हातातलं काम खाली ठेवते.

त्या दिवशीही ठेवलं. म्हाताऱ्या बायाईनं सुरू केलतं, जमनी मधात बसली होती. तिनं तोंड उघडलं होतं. आवाज अजून निघायचा होता.

तेवढ्यात अंकुर सर आले. हे शहरातल्या कोण्या संस्थेचे. पूर आला त्याच दिवशी संध्याकाळी पोचले, चादरी आणल्या, बिस्किटं आणली, माणूस कामाचा, खोटं काहून बोलू. पण त्याईच्या गळ्यात एक माइक असे, आन् बरोबर चाकाचा साउंड बॉक्स. थो माइक त्याईनं तोंडाशी धरला.

"ताई, माई, शांत व्हा. इथं लहान मुलं आहेत. एकानं रडलं की सगळे घाबरतात. आपण आता खंबीर राहायचं. माझ्याबरोबर मोठा श्वास घ्या."

बायाईले कळेना काय चाललं. त्यानं बॉक्सवर बासरीचं काहीतरी लावलं, मोठ्यानं. एकेक बाई गप झाली. परक्याच्या छताखाली, परक्यानं दिलेल्या चादरीवर बसून कोण भांडते? जमनीनं उघडलेलं तोंड मिटलं. आन् जे मिटलं थे मिटलंच. त्या घडीपासून ती एक शब्द बोलली नाही.

मी तवाच उठून थो बॉक्स नाल्यात फेकाले पाह्यजे होता.

दुसऱ्या सकाळपासून हसायचा तास सुरू झाला. हसू नका, खरं सांगून राह्यली. शाळेच्या पटांगणात सगळ्याईले गोल उभं करायचं, हात वर करायचे, आन् माइकवर सर म्हणतीन तसं "हा हा हा, हो हो हो" करायचं. त्यानं मन हलकं होते, म्हणे. ज्याईचं घर गेलं, ज्याईच्या कोठीतले दाणे सडले, थे हात वर करून हा हा हा करून राह्यले. पोरं हसली, खोटं नाही. पोराईले मजाच वाटली. पण सरांसंगच्या दोन पोरी जमनीलेही उभं करत. एक इकडून कोपर धरे, एक तिकडून, आन् तिचे हात वर उचलत. वाळत घातलेल्या लुगड्यासारखे हात. खाली सोडले की पडत. चुलीपाशी उभी राहून मी हे पाहो, आन् हातातला खिचडी हलवायचा सराटा इतका गच्च धरो की बोटं दुखत.

"सर, तिले सोडा," मी एकदा जाऊन म्हणलं.

"मावशी, तिलाच तर जास्त गरज आहे," थे म्हणले. गोड बोलले. गोड बोलणाऱ्यावर त मले आणखीनच राग येते.

"तिची पोरगी मेली हाये."

"म्हणूनच. ती त्याच विचारात राहिली तर बुडेल ना."

बुडेल म्हणे. ह्या माणसाले ठाऊकच नव्हतं की थो काय बोलून राह्यला. कारण जमनी रोज सकाळी, हसायच्या तासाच्याही आधी, उठून नाल्यावर जाये. मी चूल पेटवाले येते त मले दिसे. काठाशी उभी राहे. पहिल्या दिवशी काठावर. मंग पाय ओले होईस्तोवर. मंग घोट्यापर्यंत. पाणी ओसरलं होतं तरी मधात धार होतीच, माणसाले न्यायले पुरे. मी चहाचा गिलास घेऊन मागं जावो, तिच्या हाताले धरो आन् आणो. चहा ती हातात धरे. पीत नसे. जेवण त बंदच. तिची सासू घास तोंडाशी नेई, थो तसाच गालात राहे.

आन् एका सकाळी ती पोटरीएवढ्या पाण्यात होती. मी लुगडं वर खोचून आत शिरली, तिले ओढली. मी तिले एक शिवी घातली, मोठी. तिनं माह्याकडं पाह्यलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी दवाखान्यातली डॉक्टरीण आली, दीपा म्याडम. पोराईच्या जखमा पाह्यल्या, गोळ्या दिल्या. मी तिले ओढत जमनीपाशी नेली. म्हणलं, इले एखादं इंजेक्शन द्या, नाही त ही जाते. म्याडम जमनीपाशी खाली बसली. काही विचारलं नाही, वही काढली नाही. मंग मले बाजूले घेऊन म्हणली, "इंजेक्शननं होणार नाही हे. एक मिनिट एकटं सोडू नका. आणि मला सांगा, तुमच्याकडं मूल गेलं की आई काय करते?"

"आमच्याकडचं सोडा," मी म्हणलं. "यांच्याकडं रडतात. मोठ्यानं, गळ्यात पडून."

"मग ती रडली का?"

"रडू कुठं दिलं." आन् मी सगळं सांगितलं. बोट सरांकडं करून सांगितलं, थे समोर उभे असताना. सर लाल झाले. म्याडम मलेच म्हणली, "मग आता रडू द्या. त्या बायांना सांगा."

सोपं वाटलं मले. मी गेली तांड्याच्या वर्गात, जमनीच्या सासूपाशी. म्हणलं, बुढे, चाल, सुरू करा, कोण अडवते थे मी पाहते. म्हातारीनं डोकं हलवलं.

"आता आमच्यानं नाही होत, रुखमा. आम्ही सुरू केलतं, मोडलं. आमच्या घरात मोडलेलं रडणं सासरची बाई पुन्हा नाही उचलत. त्याले तिची याडी पाह्यजे." याडी म्हणजे माय. "मायनं गळ्यात घेतलं की मंगच लेकीचं निघते. आम्ही कितीही केलं तरी ती आमच्या गळ्यात पडणार नाही."

"मंग तिची माय कुठं हाये? दारव्ह्याच्या पलीकडं तांडा हाये न तिचा? नात मेली, आन् ती म्हातारी अजून येऊन नाही राह्यली? रस्ता त कवाच सुरू झाला."

सासू खाली पाहू लागली. "तिले माहीत नाही," ती म्हणली. "फुलचंदनं सांगितलं नाही."

पहा आता. सरांवरचा राग संपायच्या आत दुसरा तयार. मी तशीच निघाली. फुलचंद तांड्याच्या जागेवर होता, चिखलातून वासे उपसून राह्यला होता. कोण्या घरचे होते थे त्यालेही ठाऊक नव्हतं, आन् थो उपसून राह्यला होता.

"तू सासूले सांगितलं नाही?" मी म्हणलं.

थो वासा ओढत राह्यला.

"फुलचंद, तुही बायको नाल्यात चालली हाये. घोट्यापासून पोटरीपर्यंत आली. उद्या मांडीपर्यंत जाईन. तुले दिसते का नाही? का तुलेही हा हा हा कराले शिकवलं?"

त्यानं वासा सोडला. माह्या तोंडाकडं न पाहता बोलला. "फोन आलता तिचा. मातीवरून आलो त्याच दिवशी. पाणी आलं म्हणे तुमच्याकडं, सगळे बरे हाये का? मी म्हणलं, हो. मंग म्हणली, सोनूले दे." त्यानं पायानं चिखल उकरला. "मी म्हणलं, झोपली हाये."

मी वाशाचं दुसरं टोक धरून बाजूले केलं.

"तवापासून रोज फोन येते, काकी. मी उचलत नाही. पाण्यातून निघताना एका हातात माही माय होती, एका हातात सोनू. मायचा हात पक्का धरला होता, म्हातारी हाये, पडीन म्हणून. सोनूले म्हणलं, तू धर माहा हात. मी तिचा नाही धरला. तिले म्हणलं, तू धर. लहान पोरगी किती धरीन?" त्यानं चिखलाचे हात चेहऱ्यावर फिरवले. "सासूले, मथुराबाईले, हे कोण्या तोंडानं सांगू? तिनंच त्या पोरीले दोन वर्षं वाढवलं."

माहा राग गेला नाही, खोटं सांगत नाही. जीव कळवळला, आन् राग होता तिथंच राह्यला. आमच्याकडच्या माणसाईची हीच खोड हाये. वाईट झालं की तोंड लपवतात, आन् लपवायचं वजन घरातल्या बाईच्या डोक्यावर ठेवतात. मी त्याले म्हणलं, "फोनवर सांगायचं नाही. म्याडमची गाडी संध्याकाळी दारव्ह्याकडूनच जाते. तू बस तिच्यात. सासूच्या दारात उभं राहून सांग. ती मारीन त मार खा. पण तिले घेऊन ये."

"आन् ती आली नाही त?"

"माय हाये ती. येते."

म्याडमनं त्याले पुढच्या सीटवर बसवलं, चिखलासकट. त्या संध्याकाळी मी घरच्या पडक्या कुडाकडं गेली नाही. जमनीच्या बाजूले सतरंजी टाकली, आन् तिचा पदर माह्या मनगटाले बांधून घेतला.

सकाळी पदर ओढल्या गेला. ती उठून बसली होती. मी म्हणलं, आज नाल्यावर नाही, आज माह्या चुलीपाशी बसायचं. बसली. म्हणजे, मी बसवली. पण चूल भडकली तसं सरांचा माइक सुरू झाला. त्या दिवशी कोणी पाहुणे येणार होते, संस्थेले मदत देणारे, म्हणून गोल मोठा करायचा होता. त्या दोन पोरी जमनीले न्यायले आल्या. मी सराटा आडवा धरला. पोरी घाबरल्या, आन् सर स्वतः आले.

"मावशी, कालच्या बोलण्यावर मी विचार केलाय. पण आज पाहुणे आहेत. आजचा दिवस फक्त."

"कोणाले दाखवाले हसायचं हाये तिनं?"

थे काही बोलाले गेले, आन् तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला.

थो आवाज मी ओळखला. म्हातारीचा होता, चिरका, लांब. मथुराबाई फाटकाच्या बाहेरूनच सुरू झाली होती. तांड्यातली बाई दुखाच्या घरी अशीच येते, चालत चालत रडत, म्हणजे घरातल्याईले कळते कोण येऊन राह्यलं. फुलचंद तिच्या मागं होता, खाली मान घालून. त्याच्या गालावर पाच बोटं उमटली होती. पण म्हातारीनं त्याचंच मनगट धरलं होतं आन् त्याले ओढत आणून राह्यली होती. सोडत नव्हती.

पटांगणातले हात वर तसेच राह्यले. कोणी हा हा करेना.

जमनी चुलीपासून उठली. एवढ्या दिवसात ती अशी कोणी न उठवता उठली नव्हती, नाल्यावर जायचं सोडलं त. "याडी," ती म्हणली. घसा बसलेला. मंग धावली. गोलाच्या मधोमध म्हातारीच्या गळ्यात पडली, आन् जे अर्धं राह्यलं होतं थे निघालं.

सारं निघालं त्यात. सोनूचे दात पडले होते थे. जळकी खरवड. मायच्या घरी जायचा हट्ट. नवं दप्तर. नाल्याचं पाणी. म्हातारी एक ओळ घे, जमनी दुसरी, आन् तांड्यातल्या बाया एकेक करून येऊन भोवती बसल्या, सासूसुद्धा. आन् मंग जमनीनं सुरातच थे सांगितलं, बापानं हात नाही धरला, बापानं आजीचा धरला. फुलचंद तिथंच मातीत बसला. मथुराबाईनं रडता रडता त्याचं डोकं आपल्या मांडीशी दाबून धरलं. मार दिल्यावर तिनं त्याले माफ केलं का नाही मले माहीत नाही. डोकं मात्र सोडलं नाही.

सर बॉक्सकडं निघाले. पाहुण्याईची गाडी रस्त्यावर दिसून राह्यली होती. मी त्याईच्या आधी पोचली. वायर उपटली आन् त्या बॉक्सवर बसली. पक्की बसली.

"मावशी, मुलं घाबरतील," थे म्हणले.

"पहा न पोराईकडं."

पोरं घाबरली नव्हती. पोरं आपापल्या मायच्या अंगाले जाऊन चिकटली होती. आन् माया रडून राह्यल्या होत्या. तांड्याच्याच नाही, आमच्या वस्तीच्याही. आमची नलू, जिचं घर जागेवर होतं, तीसुद्धा. सोनू सगळ्याईची काही ना काही होती. आन् मीसुद्धा, त्या बॉक्सवर बसून, शेळीसाठी का कुडासाठी का त्या पोरीसाठी, मले माहीत नाही.

सर उभेच होते. हात कुठं ठेवावे कळेना त्याईले. मी नाक पुसलं आन् म्हणलं, "उभे काय राह्यले? पाणी आणा. माठ भरलेला हाये, गिलास तिथंच हाये. रडणाऱ्याले तहान लागते."

त्याईनं गळ्यातला माइक काढला. कळशी भरली आन् बायाईच्या मागं मागं वाकून पाणी देत फिरले. पाहुणे आले तवा त्याईले तेच दिसलं. मी थे सरांच्या नावावर जमा करते, पण राग वजा करत नाही. आठ दिवस एका मायचं रडणं अडवून ठेवलं ह्या लोकाईनं, आन् त्यात नवराही आला, आन् नियमही आले, आन् आमचा भिडस्तपणाही. पाण्यानं सोनू नेली. जमनीले त आम्हीच नेऊन राह्यलो होतो.

दुपारी आवाज बसले. मी गंज उतरवला, ताटं वाढली. बुडाशी जळकी लागली होती. पुरानंतर रोज मी थे खरडून गाईले टाकून राह्यली होती, पाहावत नव्हतं म्हणून. सराटा लावला, आन् मागं कोणी उभं असल्यासारखं वाटलं. जमनी होती. डोळे सुजलेले, हातात ताट.

"काकी," ती म्हणली, "जळकी हाये का?"

मी तिच्यावर वरडली. सोनूवर वरडायची तशीच. आन् सगळी खरवड तिच्या ताटात टाकली.